आग्रहाची पोळी

"एवढं साधं १४ दिवसांचं पथ्य पाळता आलं नाही हिला!"

गेल्या वर्षी गणपतीनंतर आमच्या घरात हे वाक्य मी चार जणांच्या तोंडून ऐकलं. 'ही' म्हणजे माझी धाकटी जाऊ. वजन ११२ किलो, चाळिशीच्या आत डायबेटिस, गुडघे असे की जिना चढताना दोनदा थांबायची. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून वजन कमी करण्याचं ऑपरेशन, म्हणजे बेरिअॅट्रिक सर्जरी, सुचवली. महिनाभर घरात चर्चा झाली, पैशांची जुळवाजुळव झाली, तारीख ठरली. आणि हातात एक कागद मिळाला. ऑपरेशनआधीचे १४ दिवस काय खायचं, काय नाही, त्याचा.

नेमक्या त्याच १४ दिवसांत गौरी आल्या. दाखल व्हायच्या दिवशी वजनकाट्यावर उभी राहिली, तर वजन दीड किलोने वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, तशी ही रडायलाच लागली. ऑपरेशन पुढे ढकललं. दिरांची रजा वाया गेली, गाडीभाडं गेलं, आणि घरी आल्यावर वरचं वाक्य!

मलाही आधी वाटायचं, हे पथ्य म्हणजे डॉक्टर बाईची परीक्षा घेतात, निश्चय पक्का आहे का ते बघतात. तसं मुळीच नाही. या ऑपरेशनला येणाऱ्या बहुतेकांचं यकृत चरबीने जड झालेलं असतं, आणि यकृताचा डावा भाग बरोबर जठरावर येतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना तो उचलून धरल्याशिवाय जठर नीट दिसत नाही. मोठं, चरबीचं यकृत उचलायला अवघड. त्याला इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो, कधी ऑपरेशन अर्ध्यावर थांबवायचीही वेळ येते. आता, यकृत साखरेचा साठा करून ठेवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात, पोळी, साखर बंद केली की आधी हा साठा संपतो, मग चरबीही उतरू लागते. दोन आठवड्यांत यकृत लहान होतं, मऊ होतं. म्हणजे ऑपरेशनची सुरुवात खरं तर आपल्या स्वयंपाकघरातच होते!

हिच्या कागदावर दिवसाला साधारण ८०० ते १००० कॅलरी होत्या. पाण्यातली प्रोटीन पावडर, साय काढलेलं दूध, ताक, मुगाचं पातळ कढण, थोडं पनीर, काकडी, पालेभाजी. भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबुदाणा, गूळ, तळण बंद. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, गळून गेल्यासारखं वाटतं. मग शरीर सरावतं.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट मला छळत राहिली. ही बाई नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास करते. चतुर्थी सोडत नाही. मग हिला १४ दिवस का जमू नयेत?

उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. उपवास असला की घर आपल्या बाजूने असतं. "तिला चतुर्थी आहे, आग्रह करू नका," असं सासूबाईच पाहुण्यांना सांगतात. देवासाठी बाई उपाशी राहिली तर तिचं कौतुक. तीच बाई स्वतःच्या शरीरासाठी ताट बाजूला सारते, तेव्हा मात्र "एका घासाने काय होतंय?", "प्रसादाला नाही म्हणू नये", "अगं, ऑपरेशननंतर कुठे खायला मिळणार आहे, आता खाऊन घे!"

त्यात स्वयंपाक तिचाच. पुरण तिने वाटायचं, सोळा भाज्यांचं मीठ तिने बघायचं, उरलंसुरलं टाकवत नाही म्हणून तिनेच संपवायचं. आणि स्वतः मात्र ताक पिऊन राहायचं! कुठल्या पुरुषाला आपण असं पथ्य पाळायला लावलं असतं?

आणि खरं सांगते, गौरी जेवल्या त्या दिवशी तिच्या पानात पुरणपोळी मीच वाढली होती. वर तुपाची धार धरली होती. ती "ताई, नको" म्हणाली होती. मी ऐकलं नाही. एकदा मोडलं ते मोडलंच, म्हणून पुढचे दिवसही ती खात राहिली, आणि कुणाला सांगायची तिला लाज वाटली. नंतर मला म्हणाली, "ताई, ऑपरेशनची नाही हो भीती वाटत. या सगळ्यांना तोंड दाखवायची वाटते."

दुसऱ्या खेपेला मी सासूबाईंपुढे बसून सगळं कबूल केलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिचा उपास आहे असं समजा. तिच्या पानात कुणी काही वाढायचं नाही." बस्स. पुतणीने भाज्यांची चव बघायचं काम घेतलं, दिरांनी संध्याकाळची भजी बाहेरच खाऊन यायचं कबूल केलं. या वेळी १४ दिवस पार पडले, आणि ऑपरेशनही.

आता काही गोष्टी आवर्जून. हा आहार नुसतं बारीक व्हायला कुणी घरच्या घरी करू नये. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर या दिवसांत त्यांचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावाच लागतो, नाहीतर साखर एकदम खाली जाते. मिश्री लावत असाल तर तेही सांगा. तंबाखूच ती, आणि ऑपरेशनच्या बऱ्याच आधी सुटायला हवी. आणि पथ्य मोडलं तर लपवू नका. तारीख पुढे गेलेली परवडते, टेबलावर गुंतागुंत झालेली परवडत नाही.

ऑपरेशननंतरही प्रथिनं, गोळ्या, लहान लहान घास, हे सगळं जन्मभराचं आहे. म्हणजे घराची साथही १४ दिवसांपुरती नको.

तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी असेल तर तिच्या निश्चयाची चौकशी करत बसू नका. तिने "नको" म्हटलं की वाढणारा हात मागे घ्या. मला ते एका पोळीने शिकवलं, तुम्ही तरी फुकटात शिका!