कॅसेट गेली, खेळ उरला

गेल्या दिवाळीत नांदेडला मुलाकडे गेलो होतो. नातवाने संगणकावर एक खेळ सुरू केला आणि मी चकित झालो. तोच मिशीवाला मारिओ! नव्वदच्या दशकात लातूरच्या शाखेत असताना गंजगोलाईतून मुलासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता, त्यातला हा. ते यंत्र केव्हाच बंद पडले, कॅसेट भंगारात गेली. मग हा आला कुठून?

त्या कॅसेटमध्ये फीत नव्हतीच. होती एक चिप आणि तिच्यात साठवलेला प्रोग्राम. १९८५ चा तो खेळ जेमतेम ४० किलोबाइटचा. चिपमधला मजकूर उतरवून त्याची फाइल करायची आणि जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे एम्युलेटरला, ती चालवायला द्यायची. यंत्र मेले तरी खेळ जगतो.

कौतुक ओसरल्यावर माझ्यातला बँक अधिकारी जागा झाला. हे कायद्यात बसते काय? आपल्या कॉपीराइट कायद्याने १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानले आहे. स्वतः वैध मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून खासगी, बिगर-व्यापारी वापरासाठी प्रत काढण्याची मुभा १९९९ च्या दुरुस्तीने दिली. मेख आहे ती 'वैध' या शब्दात. तेव्हा आपल्या बाजारात आलेली बहुतेक यंत्रे जपानच्या निन्टेंडोची नक्कल होती आणि कॅसेटीही तशाच. मुद्दलच खोटे, तर व्याज कुठले खरे?

दुसरी विसंगती मला लेखक म्हणून बोचते. माझी कादंबरी छापून झाली, की १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला तिची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला धाडावी लागते. प्रोग्राम मात्र साहित्य ठरूनही त्या कायद्यातल्या 'पुस्तका'च्या व्याख्येत बसत नाही. मालकाच्या हक्कापुरते ते साहित्य. जतनाची वेळ आली, की कोणीच नाही!

प्रश्न केवळ खेळाचा नाही. त्याच वर्षांत बँकांच्या खातेवह्या, दुकानांचे हिशेब आणि मराठी मजकूर संगणकावर जाऊ लागला होता. माझ्या एका कादंबरीचा पहिला खर्डा आजही फ्लॉपीत अडकून पडला आहे. तो वाचायचा, तर तेव्हाच्या संगणकाचे सोंग आणणारे असेच काही लागेल.

बँकेत खाते बंद झाले म्हणून खातेवही लगेच जाळत नाहीत. नांदेडच्या विद्यापीठाने आणि लातूरच्या महाविद्यालयांनी आपल्या ग्रंथालयांत एक कपाट जुन्या फ्लॉप्या-कॅसेटींसाठी राखावे आणि सरकारने कायद्यात त्यांच्या जतनाची सोय करावी. तोवर आपल्या एका पिढीचा हा दस्तऐवज घरोघरच्या पोरांच्या हौसेवर तगून आहे.