फुफ्फुसाचा कर्करोग आणि जनुकीय प्रवणता
फुफ्फुसाच्या कर्करोगाची जनुकीय प्रवणता म्हणजे आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांतील लहानसहान फरकांमुळे एखाद्या व्यक्तीस हा रोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी-अधिक असणे. धूम्रपानाशी या रोगाचा असलेला संबंध रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली दाखवून दिला. तथापि जन्मभर विडी ओढूनही काही जण ठणठणीत कसे राहतात, हा प्रश्न आजही लोकांच्या तोंडी असतो.

धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग ही दोन्ही एकाच आनुवंशिक घडणीची फळे असावीत, असा तर्क संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडला होता. (ते तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते, हेही नोंदवले पाहिजे.) हा तर्क टिकला नाही. मात्र २००८ साली तीन संशोधनगटांना १५ व्या गुणसूत्रावर जो भाग आढळला, त्यात निकोटिन ज्यांना चिकटते त्या ग्राही प्रथिनांचीच जनुके होती. तेथील बदललेल्या जनुकाची एक प्रत असल्यास धोका सुमारे १.३ पट आणि दोन प्रती असल्यास सुमारे १.८ पट होतो. हा परिणाम थेट होतो की व्यसन अधिक घट्ट झाल्यामुळे, यावर त्या गटांचे एकमत नव्हते. यावरून फिशर यांना न्याय मिळाला असे कोणी म्हणू लागल्यास आकडे पाहावेत: सिगारेटमुळे हाच धोका १५ ते ३० पट वाढतो.

वृत्तपत्रांतून एक गल्लत वारंवार होते. ‘ईजीएफआर’ जनुकातील ज्या उत्परिवर्तनाची तपासणी रुग्णांत केली जाते, ते बहुधा वारशाने आलेले नसते. ते फुफ्फुसातील पेशीत जन्मानंतर घडते. पूर्व आशियातील धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत ते विशेष आढळते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २०१३ च्या अभ्यासात ते भारतीय रुग्णांपैकी सुमारे २३ टक्क्यांत दिसले. अशा रुग्णांना गेफिटिनिबसारख्या गोळ्यांचा उपयोग होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हवेतील सूक्ष्म धूलिकण हे उत्परिवर्तन नव्याने घडवत नाहीत. ते दाह निर्माण करून आधीच बदललेल्या, सुप्त पेशींना वाढीस लावतात.

त्यामुळे आईच्या गाठीत हा बदल सापडला, एवढ्यावरून मुलांनी स्वतःची जनुकीय तपासणी करून घेण्याचे सहसा कारण नसते. अपवाद आहे तो ‘टी७९०एम’ या बदलाचा. मोजक्या कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या उतरल्याचे २००५ पासून ज्ञात आहे.