हिशेब उताराचाही हवा

दिवाळी सरली की पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे बॅटऱ्यांचे उजेड हलू लागतात. रस्त्यावरच्या मॅरेथॉनला सरावलेली बरीच मंडळी आता ट्रेल रनिंगकडे वळली आहेत. कुणी गिरिपुष्पाच्या झाडीतून वेताळ टेकडीला वळसा घालते, कुणी कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग पकडते, तर कुणाची नजर सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणाऱ्या लांब पल्ल्यावर असते. हे चांगलेच आहे. मात्र या मंडळींच्या बोलण्यात एकच आकडा घोळत असतो: चढ किती झाला? स्पर्धेच्या पत्रकात चढ ठळक छापतात आणि फुशारकीही चढाचीच मारली जाते. वास्तविक जिथून निघालो तिथेच परतायचे असेल, तर जेवढा चढ तेवढाच उतार असणार. आणि स्नायूंची मोडतोड होते ती मुख्यतः उतारावर.

चढताना मांडीचे पुढचे स्नायू आखडत जोर लावतात. उतरताना मात्र तेच स्नायू ताणले जात असताना जोर लावतात, कारण प्रत्येक पावलाला त्यांना शरीराचा वेग रोखायचा असतो. घाट उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकसारखेच हे काम. या ताणात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागते ते त्यामुळेच. लॅक्टिक ॲसिड साठल्याने पाय दुखतात हा समज अजून जिममध्ये ऐकू येतो, पण ते ॲसिड तास-दोन तासांतच रक्तातून निघून गेलेले असते.

उताराची खरी गोम अशी की तो धावणाऱ्याला फसवतो. अल्बर्टो मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरात धावणाऱ्या खेळाडूंना वेगवेगळ्या चढ-उतारांवर ट्रेडमिलवर धावायला लावून ऊर्जेचा खर्च मोजला. शंभर मीटरला वीस मीटर इतक्या उतारावर तो सपाटीच्या सुमारे निम्माच भरला. म्हणजे दम लागत नाही, नाडी शांत, मनगटावरचे घड्याळ ‘सोपे चालले आहे’ असे सांगते आणि त्याच वेळी मांड्या झिजत असतात. त्यातच स्नायूंची ताकद लगेच घटते, दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी येते. शेवटचा उतार आपण अर्ध्या ताकदीच्या पायांनी उतरतो आहोत, हे बहुतेकांना घोटा मुरगळल्यावरच कळते. सह्याद्रीत तर पावसाळ्यानंतर वाट सुकते आणि कडक जमिनीवर सुटा मुरूम पसरतो. अशा घसाऱ्यावर थकलेला पाय टिकत नाही.

यावर शरीराकडेच एक उत्तम तोड आहे, आणि तिचा वापर अगदीच कमी होतो. एकदा माफक उतार धावला की पुढचे काही आठवडे त्याच स्नायूंना तशा ताणाने बरीच कमी इजा होते. त्यासाठी गड गाठायची गरज नाही. पर्वतीच्या पायऱ्याही पुरतात, फक्त तिथे उतरणे हाच व्यायाम समजावा लागतो. पहिल्या खेपेला थोडेच उतरावे, मग दोन-तीन आठवड्यांनी थोडे वाढवावे. पावले लहान आणि भरभर टाकावीत. मागे रेलून टाच रोवण्याची सवय मोडावी, कारण त्याने धक्का वाढतो. चढावर चालणे कमीपणाचे नाही. त्याने वाचलेली ताकद उतारावर कामी येते.

याहून गंभीर गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची आहे. शर्यतीआधी ‘खबरदारी म्हणून’ आयबुप्रोफेन घेणारे धावक सर्रास भेटतात. स्नायूंची मोठी इजा झाली की त्यातले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि ते गाळण्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असते. त्यात ही गोळी मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटवते. अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ८० किलोमीटर धावणाऱ्यांपैकी काहींना आयबुप्रोफेन आणि काहींना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली. मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झाल्याची लक्षणे पहिल्या गटात ५२ टक्के, तर दुसऱ्या गटात ३४ टक्के जणांत दिसली. चाचणी लहान होती, तेव्हा हे आकडे शेवटचा शब्द मानू नयेत. पण दुसऱ्या गटातलाही तिसरा हिस्सा सुटला नाही, हेच पुरेसे बोलके आहे. धावल्यानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायला हवे.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांकडून दोन साध्या अपेक्षा ठेवायला हरकत नाही. पत्रकात एकूण उतार आणि त्यातले सर्वांत तीव्र टप्पे छापावेत. आणि मदत केंद्रांवर केळी, मीठ, पाणी जरूर असावे, वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरने तपासल्याशिवाय कुणालाही देऊ नयेत, मग तो पहिल्या क्रमांकावर का असेना.