पाणाड्याचा नारळ आणि आमचे तीन बोअर

गुरुवारी छावणीत जनावरांचा बाजार भरतो. कॉलेजला येता-जाता तो पाहिला की मला आमची बैलजोडी आठवते. २०१६ च्या दुष्काळात वडिलांनी ती ह्याच बाजारात विकली आणि त्या पैशांत तिसरा बोअर घेतला. बैलांना किंमत आली नाही, कारण चारा संपल्यामुळे साऱ्यांनीच आपापली जनावरे विकावयास काढली होती. बोअरमधून निघाला तो नुसता फुफाटा.

जागा पाणाड्याने दाखविली होती. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला होता. "ह्यानंच वरच्या वाडीला पाणी काढून दिलं," असे सर्वजण सांगत, आणि ते खरेही होते. परंतु त्याने दाखविलेल्या किती जागा कोरड्या गेल्या, हे कोणी विचारले नाही. पाणाड्याला न विचारता घेतलेल्या किती बोअरना पाणी लागले, हेही नाही. ज्याला पाणी लागते तो चारचौघांत सांगतो; ज्याचा पैसा मातीत जातो तो गप्प बसतो. (आमचे वडीलही गप्पच बसले.) संशोधकाची दृष्टी म्हणून जिचा गौरव होतो, ती निम्मी तरी एवढीच आहे : फसलेल्यांचीही मोजदाद ठेवावयाची. आपण मात्र गृहीतकाची व्याख्या पेपरात पाठ लिहितो आणि सुट्टीत घरी जाऊन नारळाकडे पाहत बसतो!

दुसरी चूक याहून मोठी. बोअर आटला की आणखी खोल जावे, हे एकट्याच्या हिशेबाने बिनचूक वाटते. पण आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्यात पाणी साठते ते मुरमाच्या थरात आणि भेगांत. खोल गेल्याने ते वाढेलच असे नाही. वाढले तरी पुष्कळदा ते शेजाऱ्याच्या विहिरीतले असते. मग शेजारी खोल जातो, मग पुन्हा आपण. कर्ज दोघांचे, पाणी तेवढेच.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने, पोपटराव पवारांच्या पुढाकाराने, हे चक्र थांबविले. तेथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिके ठरवितात. शेतीसाठी बोअर आणि ऊस, दोन्हींना मनाई. हे सर्वत्र जमेल असे मी म्हणत नाही. आमच्या गावात पुढाऱ्यांचाच ऊस उभा आहे. तेथे ताळेबंद मांडणार कोण?

पण मोजणी तर आपल्या हातात आहे? राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी होते. देवळाचे आवार एक दिवस कमी झाडले तरी चालेल. गावातील प्रत्येक बोअरचे वर्ष, खोली, जागा कोणी दाखविली आणि पाणी लागले की नाही, एवढे वहीत उतरवून ती ग्रामपंचायतीत ठेवावी, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे.

दिवाळीत मी एकट्याने सुरुवात केली. पहिल्याच घरी उत्तर मिळाले, "तुला काय करायचंय?" परत आलो, तर वडील ओट्यावर बसले होते. म्हणाले, "लिही. आपले तीन." आणि तिन्हींची खोली त्यांनी फुटांत सांगितली.