प्रतिध्वनि किती असावा?

गेल्या अंकात आम्ही घरातील जुन्या पोथ्यांना कसर लागू नये म्हणून काय करावे याविषयी लिहिले होते. या खेपेस विषय अगदीच निराळा आहे. आमच्यासारख्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकने आणि जन्मभर रूपे व समास पाठ करून घेणाऱ्या मास्तराने ध्वनिक्षेपकाच्या यंत्रावर लिहावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु प्रसंगच तसा पडला, आणि तो आमच्या घरातला असल्यामुळे वाचकांस सांगावा असे वाटले.

आमचे बिऱ्हाड जुन्या पनवेलीत, वडाळे तलावापासून हाकेच्या अंतरावर. आळीतल्या देवळात चैत्रात रामनवमीचा उत्सव असतो व त्यात नऊ दिवस नारदीय कीर्तने होतात. आमचे वडील बंधु, ज्यांस आळीतले लहानथोर सर्व ‘दादा’ म्हणतात, ते या उत्सवास पन्नास वर्षांत क्वचितच चुकले असतील. दादांचे वय आता एकोणऐंशी. कानाने थोडे कमी ऐकू येते, कानात यंत्रही असते. तरी पूर्वरंगापासून आरतीपर्यंत पहिल्या रांगेतली त्यांची जागा ठरलेली. गतवर्षी दुसऱ्याच दिवशी निरूपण चालू असता दादा मध्येच उठले आणि घरी आले. आम्ही मागोमाग आलो. “काय झालं, दादा? बरं वाटत नाही का?” म्हणून विचारले, तेव्हा पगडीच्या खुंटीवर उपरणे अडकवीत ते म्हणाले, “बुवा काय बोलले त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. कान गेले रे माझे. आता माझ्यापुरतं कीर्तन संपलं.” पुढचे सात दिवस ते देवळाकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी कीर्तनाचा आवाज आळीत ऐकू येऊ लागला म्हणजे ते माजघरात जाऊन दार लोटून घेत.

आम्ही प्रथम त्यांच्या वयास बोल लावला. परंतु सातव्या दिवशी आम्हीच लक्ष देऊन ऐकू लागलो, तेव्हा आमच्याही ध्यानात आले की, बुवांचा आवाज मोठा खणखणीत येतो, पण शब्द हाती लागत नाहीत. घागरीत तोंड घालून बोलावे तसे काहीसे होत होते. ध्वनिक्षेपकाजवळ बसणारा तरुण मोठा सालस मुलगा. त्यास विचारले, तर त्याने एका बटणाकडे बोट दाखविले. “एको आहे, आजोबा. तो नसला तर लोक म्हणतात, साउंड पडला.”

घरी आल्यावर आमच्या नातवास आम्ही हा ‘एको’ काय पदार्थ आहे ते विचारले. चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहेत आणि गिटार वाजवितात. त्यांच्याजवळ दोन विटांएवढी एक पेटी आहे, तीतून आवाज नेला असता तो हवा तसा पालटून बाहेर येतो. त्याने चार संध्याकाळ आम्हांस ही विद्या शिकविली. शिष्याचे वय सदुसष्ट आणि गुरूचे एकोणीस, असा उलटा प्रकार झाला. तथापि गुरु रागीट नव्हता.

पहिली गोष्ट त्याने सांगितली ती ही की, लोक ज्यास सरसकट एको म्हणतात त्यात दोन भिन्न वस्तु आहेत. एक प्रतिध्वनि आणि दुसरे अनुरणन. डोंगरासमोर उभे राहून हाक मारली असता तीच हाक स्पष्टपणे परत येते, तो प्रतिध्वनि. ध्वनि सेकंदात सुमारे 343 मीटर जातो, आणि एक दशांश सेकंदाच्या आत परतलेला आवाज आपला कान बहुधा वेगळा धरीत नाही. म्हणून समोरची भिंत निदान सतरा मीटर दूर असावी लागते, तेव्हा कुठे हाक फिरून आल्यासारखी वाटते. अनुरणन निराळे. त्यात शेकडो परावर्तने इतकी दाट येतात की एकही सुटी ऐकू येत नाही, केवळ आवाजाची शेपटी लांबते. घंटेचा टोल पडल्यावर मागे जो नाद विरत जातो त्यासारखे. हा शब्द ऐकताच आमच्यातला संस्कृत शिक्षक जागा झाला, कारण हेच घंटेचे उदाहरण आमच्या अलंकारशास्त्रात आहे. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला, त्या परंपरेत वाच्य अर्थ कळल्यानंतर क्रमाने उमटणाऱ्या व्यंग्यार्थास अनुरणनाचीच उपमा दिली आहे. वर्गात तीस वर्षे ही उपमा शिकविली, पण आधी टोल ऐकू आला पाहिजे, मग त्याचे अनुरणन, ही साधी गोष्ट यंत्राने समजावून द्यावी लागली!

नातवाच्या पेटीवर अनुरणनास ‘रिव्हर्ब’ आणि प्रतिध्वनीस ‘डिले’ असे लिहिले आहे. दोहोंतही एक बटण असे असते की त्याने मूळ आवाज किती व यंत्राने बनविलेला किती, हे प्रमाण ठरते. पहिल्यास कोरडा म्हणतात, दुसऱ्यास ओला. भाताच्या पेजेसारखी ही परिभाषा आम्हांस आवडली. आमच्या देवळात सगळी पेजच झाली होती, शिते शोधावी लागत होती.

असे का होते, याचे उत्तर वर्णमालेत आहे. स्वर लांब आणि बलवान असतात. व्यंजने अल्पजीवी आणि दुबळी. शब्दाचा अर्थ मात्र पुष्कळदा व्यंजनावरच टांगलेला असतो. ‘राम’, ‘काम’, ‘दाम’ यांत ‘आ’ तोच. भेद काय तो आरंभीच्या क्षणभराच्या उच्चाराचा. मनुष्य साधारण बोलतो तेव्हा सेकंदास चार-पाच अक्षरे तोंडातून जातात. आवाजाची शेपटी तीन सेकंद रेंगाळली तर मागल्या डझनभर अक्षरांचे स्वर पुढल्या व्यंजनावर येऊन बसतात. तरुण कान त्यातूनही कसेबसे वाट काढतात. ज्यांस कमी ऐकू येते त्यांची वाट तेथेच बंद होते, आणि कानातले यंत्र शब्दाबरोबर ती शेपटीही मोठी करून देते. दादांचे कान गेले नव्हते. त्यांच्या कानांवर ओझे फार पडले होते.

ही अडचण काही आजची नव्हे. अमेरिकेत हार्वर्ड येथे 1895 साली फॉग संग्रहालयाचे व्याख्यानगृह नवे बांधले, आणि त्यात कोणाचेच व्याख्यान कळेना. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपविले. त्याने रात्री शांतता झाल्यावर शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या आणून मांडाव्या, ऑर्गनच्या नळीचा आवाज करावा, आणि तो विरण्यास किती वेळ लागतो ते मोजावे, असा क्रम चालविला. रिकाम्या खोलीत आवाज सुमारे साडेपाच सेकंद टिकत होता. त्यावरून जो नियम निघाला तो इतका सोपा आहे की आमच्या सातवीच्या मुलांनी गणित केले असते: खोलीचे घनफळ घन मीटरांत घ्यावे, त्यास 0.16 ने गुणावे, आणि खोलीतल्या वस्तु मिळून जेवढा आवाज शोषतात त्या मापाने भागावे. उघडी खिडकी सर्वच आवाज बाहेर सोडते, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी हे एक माप.

आम्ही आजोबा-नातवांनी टेप घेऊन देवळाचा सभामंडप मोजला. बारा मीटर लांब, आठ रुंद, चार उंच. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, भिंती गुळगुळीत. हे सर्व मिळून आवाज जवळजवळ पितच नाहीत. दोन दारे उघडी. हिशेबाने रिकाम्या मंडपात आवाज चार सेकंदांवर टिकतो. साठ श्रोते बसले म्हणजे तोच दीड सेकंदावर येतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. भाषणास एक सेकंदाच्या आतबाहेर असावा असे जाणते सांगतात. म्हणजे देवळाजवळ स्वतःचे अनुरणन गरजेपेक्षा अधिकच होते, आणि त्यावर यंत्राने आणखी अडीच सेकंदांचे ओतले होते. उसाच्या रसात साखर घालण्यापैकी हा प्रकार.

याच्या उलट टोकाची आठवण आमच्यापाशी आहे. पूर्वी एकदा शाळेची सहल घेऊन आम्ही विजापुरास गेलो होतो. मुहम्मद आदिलशहाचा गोल घुमट 1656 च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या आतल्या सज्जात टाळी वाजविली तर ती सात-आठ वेळा, कोणी म्हणतात दहा वेळा, परत येते. आणि भिंतीशी पुटपुटलेले समोरच्या बाजूस, सदतीस-अडतीस मीटरांवर, ऐकू येते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास 1921-22 च्या सुमारास केला होता. आम्ही तेथे मुलांस घुमटाचा इतिहास सांगू लागलो, आणि आमचे पहिले वाक्य पुरे होण्यापूर्वीच ते आमच्यावर परत येऊन कोसळू लागले. मुले हसू लागली. शेवटी खाली पायऱ्यांवर नेऊन धडा पुरा करावा लागला. टाळीसाठी घुमट उत्तम, धड्यासाठी पायऱ्या.

मात्र अनुरणन ही काही नुसती पीडा नव्हे. गाण्यास ते पाहिजे असते. 1949 च्या ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या आरंभी आवाज दुरून जवळ येतो असा भास होण्यासाठी आपण खोलीच्या कोपऱ्यातून गात गात ध्वनिग्राहकाकडे चालत आलो, असे लता मंगेशकर सांगत असत. तिकडे अमेरिकेत 1947 च्या सुमारास बिल पटनम याने ध्वनिमुद्रणासाठी स्नानगृहाचा उपयोग केला. न्हाणीघरात आपला आवाज आपणांस गोड का लागतो, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस यात नवल वाटणार नाही. 1957 मध्ये जर्मनांनी दोन मीटर लांब व एक मीटर रुंद पोलादी पत्रा टांगून त्याच्या कंपनातून अनुरणन काढले; ते धूड सुमारे सहाशे पौंडांचे होते. 1976 पासून हेच काम अंकगणिताने करणारी यंत्रे निघाली, आणि आता ते नातवाच्या पिशवीत मावते.

तिसरा प्रकार अस्थिरतेचा. यात आवाजाची प्रत किंचित मागे ठेवून ते अंतर सारखे कमीजास्त करतात. अंतर घटत असता सूर जरा चढतो, वाढत असता उतरतो. स्टेशनात शिट्टी देत येणाऱ्या गाडीचा सूर जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता लागतो, तसेच. वीस-तीस सहस्रांश सेकंद मागे ठेवले तर एकाचे अनेक गायक झाल्यासारखे वाटते. त्यास कोरस म्हणतात. एक ते दहा सहस्रांशांत विमान डोक्यावरून गेल्यासारखा सरसराट होतो. नातवास हा फार प्रिय. आमचे मत विचाराल तर, वीस टाळकरी एका सुरात म्हणतात तेव्हा त्यांचे सूर केसाएवढे पुढेमागे असतातच, आणि दुहेरी सुरांच्या पेटीतही तोच गुण कारागिराने घालून ठेवलेला असतो. तेथे यंत्राच्या कोरसचे प्रयोजन नाही. तंबोऱ्याशी सूर मिळवून उभ्या राहिलेल्या गवयाचा षड्ज यंत्राने हलविणे तर शुद्ध अन्याय होय.

डिलेची मौज मात्र आम्हांसही पटली. गजराची लय मिनिटास एकशेवीस मात्रांची असेल तर साठ हजारांस एकशेवीसाने भागावे. पाचशे सहस्रांश सेकंद हे उत्तर. तेवढ्या अंतराने प्रतिध्वनि ठेवला तर तो टाळावर टाळ पडावा तसा पडतो. अडचण इतकीच की आपला गजर एका लयीत राहत नाही, तो चढत जातो, आणि यंत्र बापडे पहिल्याच लयीला धरून बसते. त्यासाठी पेटीवर पायाने ठेका देण्याची कळ असते. लय चढली की पुन्हा दोन ठोके द्यावे. प्रतिध्वनीचाही पुन्हा प्रतिध्वनि करणारे एक बटण असते, त्यास मात्र लहान मुलांनी हात लावू नये. ते पुरे फिरविले तर एकच ‘जय’ अखंड वाढत राहतो.

यंदाच्या चैत्रात, उत्सवापूर्वी, त्या साउंडवाल्या मुलास आम्ही चहास बोलाविले. हिशेबाचा कागद दाखविला. तो म्हणाला, “आजोबा, मी रिकाम्या मंडपात टेस्टिंग करतो, तेव्हा तर गोड लागतं.” रिकामा मंडप चार सेकंदांचा असतो, हे त्यास पटले, पण लोक काय म्हणतील ही धास्ती जाईना. मग नातवाने तोड काढली. बुवा बोलत असता अनुरणन पूर्ण बंद. अभंग किंवा पद लागले की किंचित, एक सेकंदाचे, आणि तेही मूळ शब्दानंतर तीसेक सहस्रांशांनी सुरू होणारे, म्हणजे व्यंजन आधी निसटून जाते. शेपटीतला ढोबळ खर्ज कापलेला. गजरास मुलाची मर्जी. शिवाय बाहेर ओटीच्या टोकास लावलेला एक कर्णा काढून टाकला. तो आतल्या कर्ण्यापासून पस्तीस मीटर दूर होता, म्हणजे यंत्राशिवायच एक दशांश सेकंदाचा प्रतिध्वनि आळीभर फुकट चालला होता. भिंतीस दोन जाड सतरंज्याही टांगल्या.

दादांस हे काही सांगितले नाही. पहिल्या दिवशी ते येईनात. “कशाला? नुसतं बसायचंच तर घरी बसेन,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी नातवाने त्यांची काठी हाती दिली आणि म्हणाला, “दादाआजोबा, प्रसादाला तरी चला.” आले. आपल्या जागेवर न बसता दाराशी खुर्चीत बसले. पूर्वरंग झाला, निरूपण झाले. आम्ही बुवांकडे कमी आणि दाराकडे अधिक पाहत होतो. दादांचा चेहरा निर्विकार होता. उत्तररंगास आख्यान होते बिभीषणाच्या शरणागतीचे. मध्ये गजर लागला, मुलाने हौसेने बटण चढविले, देऊळ दणाणले, आणि कोणी कोणास काही बोलले नाही.

आरती झाल्यावर दादा काठी टेकीत पुढे गेले व बुवांस नमस्कार करून म्हणाले, “बुवा, आख्यान उत्तम झालं. पण तुम्ही आज सगळीकडे ‘बिभीषण’ म्हणालात. मूळ शब्द ‘विभीषण’. वकार आहे तो.”

बुवा हसले. तिसऱ्या दिवशी दादा पहिल्या रांगेत होते.