स्वस्त संगणक आणि त्याची कार्यप्रणाली

स्वस्त लॅपटॉप मंदावला की तो निकामी झाला, असे समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः पुष्कळदा यंत्र धडधाकट असते. त्याला पेलत नाही ती आधीपासून घातलेली कार्यप्रणाली. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ च्या अटी अनेक जुनी यंत्रे पुरवू शकत नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००१ च्या सुमारास सिम्प्युटर हा अल्पमोली हस्तसंगणक घडविताना लिनक्स ही मुक्त प्रणाली योजिली. तिला परवान्याचे मूल्य पडत नाही. शाळांनी हाच मार्ग अनुसरावा. प्रथम सर्व माहिती अन्यत्र जतन करावी, पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली चालवून पाहावी आणि मगच जुनी पुसावी. चालते यंत्र अडगळीत गेले, तर एखादा विद्यार्थी संगणकास मुकतो.