वनरक्षण आणि संघबळ

सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातील अतिपर्जन्याचा प्रदेश होय. पावसाळ्यात गगनगड दिवसचे दिवस धुक्यात बुडालेला असतो. याच डोंगरांतून कुंभी नदी उगम पावते आणि पुढे पंचगंगेच्या प्रवाहात सामील होते. म्हणून येथील रान हे केवळ येथील रहिवाशांचे धन नव्हे. पंचगंगेकाठच्या शिवारांचेही ते पोशिंदे आहे.

अशा रानाचा मोठा वैरी म्हणजे उन्हाळ्यातील वणवा. जुने गवत जाळले की नवे जोमाने उगवते, अशा समजुतीने सह्याद्रीच्या उतारांना पुष्कळदा आग लावली जाते. तीत कोवळी रोपे होरपळतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी नष्ट होतात आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. आग लावणारा बहुधा परका नसतो. वैरणीच्या चिंतेत पडलेला तो गावचाच गृहस्थ असतो. एकट्या वृक्षप्रेमी मनुष्याने त्यास अडविले, तर भांडण होते. तोच विषय दहा शेजाऱ्यांनी मिळून चावडीवर काढला, तर विचारविनिमय होतो. शिवाय वणवा पसरू नये म्हणून गवत काढून जी मोकळी जाळरेषा राखावी लागते, ती एकट्याच्या हातून निघत नाही.

मंडळ स्थापन केले की मतभेद व मानापमान आलेच, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाकडे पाहावे. तेथील किनाऱ्यावरून समुद्रकासवांची अंडी चोरीस जात. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांच्या रक्षणाचे कार्य हाती घेतले. पुढे कासवांची पिले समुद्राकडे जाताना पाहण्यास दूरदूरचे लोक तेथे येऊ लागले आणि पाहुण्यांच्या निवासभोजनातून गावातील कुटुंबांस चार पैसेही मिळू लागले.

मंडळात शिरणाऱ्यास याहून मोठा लाभ होतो. शाळकरी मुलास वृद्ध गुराख्याकडून हिरडा व जांभूळ ओळखता येऊ लागतात; गुराख्यास मुलाकडून पुस्तकातील ज्ञान मिळते. आपले मत दुसऱ्यास न दुखविता कसे मांडावे, हे दोघेही शिकतात. एकट्याची कळकळ त्याच्याबरोबर संपते. मंडळाची कळकळ मात्र पुढच्या पिढीच्या हाती सोपविता येते. गाव करील ते राव काय करील, ही म्हण रानाच्या बाबतीतही तितकीच खरी आहे.